जिन्यातल्या खुर्च्या

त्या सकाळी पावसाने असा काही जोर धरला होता की हातातली छत्री नुसती नावाला होती. एका हातात ती उलटी झालेली छत्री, दुसऱ्या हातात रक्ताच्या नमुन्यांची पेटी... आणि समोर लिफ्टच्या दारावर लटकणारा पुठ्ठा — 'बंद आहे'. अक्षरं इतकी फिकी पडली होती, की लिफ्ट आज-काल बंद पडली नसणार हे उघडच होतं.

मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. लोकांच्या घरी जायचं, रक्त काढायचं, पुढच्या दाराची बेल वाजवायची. आईबाबा लांब, दुसऱ्या गावी. इथे मी आणि माझी भाड्याची खोली. त्या दिवशी यादीतलं शेवटचं नाव पाचव्या मजल्यावरचं होतं. देवाचं नाव घेतलं आणि जिना चढायला लागले.

तिसऱ्या मजल्याच्या वळणावर वरून एक खुर्ची येताना दिसली. चार पाय आभाळाकडे, आणि खाली माणसाचे दोन पाय.

"अहो, सावकाश!" मी भिंतीला चिकटले.

खुर्ची थांबली. "कोण आहे?" खुर्चीनेच विचारलं.

"मी आहे. तुम्हाला दिसत नाहीये."

"दिसतंय की! निळ्या चपला. त्यातली डावी आता कधीही दगा देईल."

मला हसू आलं. तो दोन पायऱ्या मागे सरला, खुर्ची डोक्यावरून उतरवून त्याने जिन्याच्या चौकात भिंतीशी टेकवली. माझ्यापेक्षा थोडा मोठा असेल. केसांत धूळ, नाकावरून घसरलेला चष्मा, आणि चष्म्यामागे... शांत डोळे. असे डोळे, की ज्यांना कसलीच घाई नाही.

"बसा," तो म्हणाला.

"नको हो, वेळ नाही."

"मिनिटभर. डगमगते का ते बघायचंय. मी बसलो तर कळत नाही, मी मुळातच डगमगतो."

मी बसले. आणि बसल्यावर कळलं — पहाटेपासून मला कुणी 'बस' म्हटलं नव्हतं. रक्त काढायला आलेल्या माणसाला कुणी बसा म्हणत नाही. हात पुढे करतात, तोंड फिरवतात, आणि कधी एकदा ही बया जाते असं त्यांना होतं. त्यांचंही काही चुकत नाही म्हणा.

"डगमगत नाही," मी म्हटलं. "पण ही इथे कशाला?"

"लिफ्ट बंद आहे ना. म्हाताऱ्या माणसांना मध्ये टेकायला." त्याने चष्मा वर सरकवला. "तुम्ही कुणाकडे निघालात?"

"पाचव्यावर. मी रक्त काढते."

"मी चष्मे लावतो. राहतो इथेच, चौथ्यावर; कोपऱ्यावरचं दुकान माझंच. म्हणजे आपल्या दोघांनाही लोक बिचकतातच."

मी उठले. पाच-सहा पायऱ्या चढून वळून पाहिलं, तर तो खुर्चीच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवत होता. म्हणजे डगमगत होती की! मला कळलंच नव्हतं.

*

पाचव्या मजल्यावरच्या बाईंना सगळी इमारत 'हॅलोमावशी' म्हणायची. उभा जन्म टेलिफोन एक्सचेंजमध्ये गेलेला, ऑपरेटर म्हणून. दार उघडतानासुद्धा त्या 'हॅलो' म्हणायच्या, तेही अशा गोड आवाजात, की आपणच चुकीचा नंबर लावलाय असं वाटावं. लग्न केलं नव्हतं. एक भाऊ होता, तो गेलेला. हृदयाची झडप बदललेली, रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू. म्हणून दर आठवड्याला तपासणी.

"लिफ्ट बंद पडल्यापासून मी खाली उतरलेली नाही," हात पुढे करत त्या म्हणाल्या. "सामान दोरीला पिशवी बांधून वर घेते. माझं काही अडत नाही."

"कंटाळा येत नाही?"

"येतो. खाली झाडाखाली बाक आहे, तिथे रोज संध्याकाळी बसायचे मी. तिथून माझी खिडकी दिसायची. आता खिडकीतून बाक दिसतो." त्या हसल्या. "सरळ होता तो फोन उलटा लागलाय."

मी त्यांना जिन्यातल्या खुर्चीबद्दल सांगितलं. त्यांच्या कपाळावर आठी चढली.

"जिन्यात बसू? आल्यागेल्याने बघत जायला? मी काय रस्त्यावर पडलेय?"

मी शिरेवर कापूस दाबून धरला. म्हाताऱ्या माणसांचा मान हा त्यांच्या शिरेसारखा असतो. जोर केला की आत दडी मारतो.

पुढच्या आठवड्यात आले तेव्हा जिन्यात तीन खुर्च्या होत्या. एकाच घडणीच्या, शिसवी रंगाच्या, पाठीवर नाजूक नक्षी असलेल्या. त्याच्या पुढच्या आठवड्यात एका खुर्चीवर कुणीतरी उशी बांधली होती. मग एका चौकात पाण्याचा माठ आला, त्यावर झाकण, झाकणावर पेला. भिंतीत पिशव्या अडकवायला खुंट्या आल्या. दुसऱ्या मजल्यावरचे सेक्रेटरी मात्र भडकले होते — "जिना म्हणजे काय दिवाणखाना आहे?" आणि एका सकाळी मी पाहिलं, तेच सेक्रेटरी खुर्चीत बसून बुटाची नाडी बांधत होते. मला बघून म्हणाले, "मी फक्त मजबूत आहे का ते तपासतोय."

आणि तो? तो बहुतेक वेळा भेटायचाच. खिशात एक इवलासा पेचकस घेऊन जिन्यातल्या खुर्चीवर बसलेला असायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या चष्म्याच्या सैल काड्या घट्ट करून द्यायचा.

"दुकान सोडून इथे?" मी विचारायची.

"दुकान दहाला उघडतं."

"पण मी दर आठवड्याला याच वेळी येते, आणि तुम्ही दर वेळी इथेच."

"हो?" तो काचेवर फुंकर मारायचा. "माझ्या लक्षातच आलं नाही..."

खोटं बोलताना त्याचे कान लाल व्हायचे. ते मात्र माझ्या लक्षात आलं होतं.

*

एकदा खूप पाऊस होता. मावशींकडचं काम उरकून मी उतरत होते. जिन्याच्या जाळीतून पावसाचे तुषार आत येत होते. तो खुर्ची जाळीपासून लांब ओढत होता. मी दुसरी बाजू धरली.

"एक विचारू?" मी म्हटलं. "या खुर्च्या आणल्यात कुठून?"

तो पायरीवर बसला. मी खुर्चीवर, तो पायरीवर.

"घरातल्याच आहेत. जेवायच्या टेबलाच्या. चार होत्या — बाबा, आई, ताई, मी. बाबा गेले, ताई लग्न होऊन गेली. मग आई आणि मी राहिलो."

त्याने खुर्चीच्या पायावरचं पाणी हाताने निपटलं.

"लिफ्ट बंद पडली तेव्हा आई म्हणाली, मला कुठे जायचंय? माझे पाय दुखतात, मी घरीच बरी. मी म्हटलं, ठीक. मला ते खरंच वाटलं. ती गेल्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, तुझी आई दोनदा उतरून आली होती रे माझ्या दारापर्यंत. पायरीवर बसून होती. मी विचारलं तर म्हणाली, काही नाही, सहज. आणि पुन्हा वर गेली." त्याने चष्मा काढला, उगाचच पुसला. "तिला टेकायला काहीतरी हवं होतं. एवढंच. आणि घरात तीन खुर्च्या रिकाम्या पडल्या होत्या."

'वाईट वाटून घेऊ नका' असं म्हणणं किती पोकळ असतं, ते मी रोज दारोदार ऐकते. मी नुसता माझा हात त्याच्या खांद्यावर ठेवला. क्षणभरच. त्याने मान वर केली नाही, पण खांदा सैल झाला... आणि पावसाचा आवाज मला कधी नव्हे इतका स्पष्ट ऐकू आला.

त्या दिवशी पुढच्या तिन्ही घरी मला उशीर झाला. तिन्ही ठिकाणी बोलणी खाल्ली. मला एकही लागलं नाही.

*

ही गोष्ट मी मावशींना सांगितली. सांगायला हवी होती की नाही, कोण जाणे. त्या उठून खिडकीशी गेल्या.

"त्याची आई माझ्याशी गॅलरीतून बोलायची," त्या म्हणाल्या. "खाली ये म्हणाली नाही कधी, आणि मीही वर ये म्हटलं नाही. दोघी मेल्या मानी!" मग एकदम म्हणाल्या, "डॉक्टरांना विचार, मी उतरले तर चालेल का."

डॉक्टर म्हणाले, सावकाश, बसत बसत, हरकत नाही. मग एका रविवारी ऊन पडलं होतं तेव्हा हॅलोमावशी इस्त्रीची साडी नेसून, केसांना तेल लावून दारात उभ्या राहिल्या.

"हात धरू नका," त्यांनी बजावलं. "पडले तर धरा."

तो पुढे, मी मागे. त्या प्रत्येक खुर्चीपाशी थांबून बसल्या. खुर्चीत बसल्या की पदर सारखा करायच्या आणि समोरच्या बंद दाराकडे बघून "हॅलो" म्हणायच्या. दारं उघडायला लागली. कुणी पाणी आणलं, कुणी नुसतं उभं राहिलं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी त्यांना ओळखलं आणि दोघींनी एकमेकींचे हात घट्ट धरले.

खाली बाकावर बसल्यावर त्यांनी मान वर केली. "ती बघा माझी खिडकी. पडदा किती मळलाय! इतके दिवस कुणी सांगितलं नाही."

आम्ही त्यांच्या दोन बाजूंना बसलो होतो. झाडावरून कालच्या पावसाचं पाणी टपटपत होतं. मावशींनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"मी जन्मभर लोकांचे फोन जोडून दिले," त्या म्हणाल्या. "एका टोकाला कुणी आहे, दुसऱ्या टोकाला कुणी आहे, दोघंही नुसतेच हॅलो, हॅलो करताहेत... मला लगेच कळायचं. तुमच्या दोघांचा का लागत नाही गं? तार तुटलीय का?"

त्याचे कान लाल झाले. मी चपलेच्या पट्ट्याशी चाळा करत राहिले.

"मावशी, ऊन लागेल तुम्हाला," तो कसाबसा म्हणाला.

"मला उन्हाचं सांगू नकोस. विषय बदलणारी गिऱ्हाइकं फार पाहिलीत मी."

वर जाताना त्यांना धाप लागली. शेवटचे दोन मजले खुर्चीत बसवूनच न्यावं लागलं. तो, सेक्रेटरी आणि आणखी दोघंजण. मावशी एकदाही 'नको' म्हणाल्या नाहीत. सेक्रेटरी घामाघूम झाले होते, त्यांनीच आपणहून सांगितलं, "पुढच्या रविवारी पण उतरायचं हं. आम्ही आहोत."

त्या आणखी काही रविवार उतरल्या. फार नाही.

*

मग एका सकाळी मी बेल वाजवली आणि 'हॅलो' आलं नाही. शेजारच्या घरातून कळलं, रात्री छातीत दुखायला लागलं म्हणून दवाखान्यात नेलंय. चष्मेवाला बरोबर गेलाय.

मी लॅबमध्ये फोन करून सुट्टी घेतली आणि तशीच निघाले.

तो वॉर्डाबाहेर भिंतीला टेकून उभा होता. काल रात्रीचेच कपडे. माझ्याकडे बघून त्याने फक्त मान हलवली — हो असंही नाही, नाही असंही नाही... काहीतरी मधलं. मी आत गेले. मावशी पांढऱ्या उशीवर लहान दिसत होत्या. मला बघून त्यांनी सवयीने हात पुढे केला. मीही सवयीने मनगट धरलं.

"आज टोचू नकोस," त्या म्हणाल्या. "नुसता धर."

मी धरला. इतके महिने त्यांचा हात माझ्या हातात यायचा. पण मी कायम शीरच शोधली होती. त्यांची बोटं लांबसडक होती, तर्जनीच्या टोकाशी जुना घट्टा. तो मला त्या दिवशी दिसला. थोड्या वेळाने तो आत आला आणि पलीकडच्या बाजूला बसला. त्याने दुसरा हात धरला. बाहेर पाऊस होता. तो काचेवर येऊन वाहत होता, आवाज मात्र आत येत नव्हता.

दुपारी मावशी गेल्या.

सगळी इमारत आली होती. त्यांचं आपलं असं कुणी नव्हतं, आणि तरी रडणाऱ्यांना उभं राहायला जागा पुरेना. सेक्रेटरी कोपऱ्यात तोंड फिरवून उभे होते. मी कुणाच्या तरी खांद्यावर डोकं टेकलं होतं, ते त्याच्या खांद्यावर होतं हे मला फार उशिरा कळलं.

*

त्यानंतर दोन गोष्टी झाल्या. लिफ्ट दुरुस्त झाली. सेक्रेटरींनी हट्टाला पेटून करवून घेतली. आणि लॅबने मला गावाच्या दुसऱ्या टोकाच्या शाखेत टाकलं. त्या इमारतीत आता माझा एकही पेशंट नव्हता. जायला कारणच उरलं नव्हतं.

निघायच्या दिवशी मी त्याच्या दुकानावरून गेले होते. तो गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवत होता. काचेतून मला बघून बाहेर आला.

"बदली झाली," मी म्हटलं.

"लांब?"

"लांब."

"येत जा..." तो म्हणाला. "म्हणजे, कधी या बाजूला आलात तर."

"हो. बघू."

एवढंच. आत गिऱ्हाईक खोळंबलं होतं, माझी बस येत होती. मी बसमध्ये चढले आणि खिडकीतून वळूनही पाहिलं नाही. भीती वाटली. माझ्या कामात माणसं जवळ येतात आणि एक दिवस दार उघडतच नाही. मी मनाशी म्हटलं, बरं झालं, वेळेवर सुटलीस.

पण सुटका म्हणतात ती अशी असते होय? नव्या भागात मी जिने चढायची आणि प्रत्येक वळणावर उगाच थांबायची. एका घरी आजोबांच्या चष्म्याची काडी लोंबत होती. ती बघून माझे डोळेच भरून आले. आजोबा घाबरले. "बाळ, रक्त माझं काढतेयस, रडतेयस तू!" मी हसले आणि त्यांना पाणी आणून दिलं. मग आपणहून विचारलं, "आजोबा, औषधं कोण आणून देतं तुम्हाला?" पूर्वी मी असं विचारत नसे. मग ती औषधं मीच नेऊन द्यायला लागले. दोन दारं पुढे एक आजी होत्या. त्यांना मी येताजाता वर्तमानपत्राचा मथळा वाचून दाखवायची. त्याच्याकडून घेतलेली ही सवय होती. माणूस लांब राहिला होता, सवय बरोबर आली होती.

आणि एका संध्याकाळी, काहीही न ठरवता, मी उलट दिशेच्या बसमध्ये बसले.

दुकान बंद व्हायच्या बेतात होतं. तो काउंटर पुसत होता. मला बघून त्याचा हात तसाच राहिला.

"नजर तपासायची आहे," मी म्हटलं.

"काय... काय होतंय?"

"लांबचं दिसतं. जवळचं दिसत नाही."

त्याने मला आतल्या लहानशा खोलीत स्टुलावर बसवलं. दिवा मालवला. समोर अक्षरांचा तक्ता उजळला. माझ्या नाकावर ती जड लोखंडी फ्रेम ठेवली, आणि एकेक काच घालायला लागला. त्याचा चेहरा इतका जवळ होता की त्याचा श्वास माझ्या कपाळाला लागत होता.

"हे बरं, की... हे बरं?"

"सारखंच."

"आता?"

"आता धूसर."

"आता?"

मी तक्त्याकडे बघतच नव्हते. त्याने ते पाहिलं. काच हातातच राहिली.

"शेवटची ओळ वाचा," तो हळू आवाजात म्हणाला.

मी वाचली. सगळ्यात बारीक, शेवटची ओळ, एकही चूक न करता.

त्याने फ्रेम उतरवली. "तुमची नजर उत्तम आहे. चष्मा नाही लागलेला तुम्हाला."

"मग काय लागलंय?" माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "झोप लागत नाही. कामात लक्ष लागत नाही. काहीतरी लागलंय खरं. तुम्ही तपासा ना."

अंधारात तो उभा होता. बाहेर रस्त्यावरून कुणीतरी हाक मारत गेलं, कुणाला तरी.

"मला वाटलं," तो म्हणाला, "तुम्ही गेलात... म्हणजे गेलात. मी दोनदा त्या शाखेपर्यंत आलो होतो. बाहेरूनच परतलो. म्हटलं, काय सांगायचं? रक्त तपासा म्हणू? मला सुई बघूनच चक्कर येते."

मी हसले आणि हसता हसता रडायला लागले. तो घाबरून रुमाल शोधायला लागला. चष्मे पुसायचं मऊ फडकंच काय ते त्याच्या हाती लागलं. तेच पुढे केलं.

"एक सांगू?" मी डोळे टिपत म्हटलं. "मला भीती वाटते. माणसं जातात."

"जातात," तो म्हणाला. त्याने खोटा धीर दिला नाही. "आई गेली, मावशी गेल्या. म्हणून तर... असतील तोवर जवळ असावं, असं वाटतं. माझ्याजवळ असाल?"

"असेन. पण एका अटीवर. हे अहो-जाहो बंद करायचं."

एवढा मोठा माणूस, एका शब्दासाठी अडला. दिवा लावला, काचा एकेक करून खणात ठेवल्या, खण लावला, पुन्हा उघडला. कान लालभडक. मग माझ्याकडे न बघता, अगदी घरच्या माणसाच्या आवाजात त्याने विचारलं —

"तू... जेवलीस का?"

या गावात आल्यापासून, फोनवरच्या आईशिवाय, हे मला कुणी विचारलं नव्हतं.

"नाही," मी म्हटलं. "तू?"